सोमवारच्या आधीचा बुधवार

सोमवारी नवऱ्याच्या पोटाला भोक पाडून अन्नाची नळी बसवायची होती, म्हणून बुधवारी दोघं नवराबायको चहाघरात जेवायला गेले.

नवऱ्याला सगळे लिफ्टमास्तर म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी उंच इमारतींच्या लिफ्ट सांभाळल्या. दोरखंड तपासायचे, मोटरला ग्रीस लावायचं, दारांचे रूळ साफ करायचे आणि कुणी आत अडकलं तर बाहेर काढायचं. यातलं शेवटचं काम त्यांना सगळ्यात आवडे, कारण त्यात बोलायला मिळे. बंद दाराच्या फटीला तोंड लावून ते आतल्या माणसाशी अशा गप्पा मारत, की सुटका झाल्यावरही काहीजण गप्पा संपवायला तिथेच उभे राहत. बायको चष्म्याच्या दुकानात होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागे काड्या वाकवायच्या, काच घासून खोबणीत चपखल बसवायची. तिचं काम न बोलता होणारं. घरीही तेच. ते बोलायचे, ती ऐकायची आणि मधून "हं" म्हणायची. मास्तर चारचौघांत सांगत, "आमच्या घरी रेडिओ आहे, पण त्याला बंद करायचं बटण नाही. बिचारी करणार काय?"

चहाघराची ओळख लिफ्टमुळेच झाली. ऑफिसांच्या एका आठ मजली इमारतीत, तळमजल्यावर ते नुकतंच उघडलं होतं. मालकीणबाई भरलेल्या कपांचा ट्रे घेऊन पाचव्या मजल्यावर निघाल्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली. मास्तर पोचेपर्यंत त्या रडकुंडीला आल्या होत्या.

"ही खाली पडणार तर नाही ना?" त्यांनी आतून विचारलं.

"लिफ्ट पडत नाही हो, रुसते," मास्तर फटीतून म्हणाले. "जरा समजूत काढावी लागते. तोवर चहा गार होईल, तेवढा पिऊन टाका."

बाईंनी खरोखरच सहाच्या सहा कप पिऊन टाकले. बाहेर आल्यावर त्यांनी बजावलं, "दादा, वहिनींना घेऊन एकदा जेवायला यायचं. नाही म्हणालात तर मी परत आत जाऊन बसेन."

चष्म्याचं दुकान बुधवारी बंद असे. म्हणून दोघं बुधवारी गेले. मग पुढच्या बुधवारीही गेले. अशी अकरा वर्षं झाली.

मालकीणबाई कधी परदेशी गेल्या नव्हत्या. जे काही शिकल्या ते पुस्तकं वाचून, व्हिडिओ बघून आणि घरातल्या माणसांना न विचारता त्यांच्यावर प्रयोग करून. चहाघरात थोडं चीन होतं, थोडं जपान, थोडं कोरिया आणि उरलेलं त्यांचं स्वतःचं डोकं. भिंतीलगत बिडाच्या काळ्या किटल्या, छताला कागदी दिवे, बिनकानाचे कप, आणि ठेंगणी टेबलं. त्यांच्याजवळ बसताना मास्तरांचे गुडघे असे वाजत की स्वयंपाकघरातल्यांना ते आल्याचं कळे. पदार्थांची नावं त्यांच्या जिभेवर बसली नाहीत, तेव्हा त्यांनी आपली नावं ठेवली. रश्शातल्या नूडल्स म्हणजे वायरिंग. सारण भरून, वर चुण्या घालून बांबूच्या टोपलीत वाफवलेले डंपलिंग म्हणजे पुरचुंड्या. "एक वायरिंग, आठ पुरचुंड्या," ते दारातूनच सांगत. दोन-तीन वर्षांत स्वयंपाकघरातही हीच नावं रूढ झाली. नव्याने आलेल्या आचाऱ्याला आधी ती शिकावी लागत.

निवृत्त झाल्यानंतर चौथ्या महिन्यात मास्तरांची जीभ अडखळायला लागली. आधी 'र' गेला. मग 'ळ'. दाढेचं दुखणं असेल म्हणून ते दातांच्या डॉक्टरकडे गेले, त्याने दोन दाढा काढल्या, काही फरक पडला नाही. मग पाणी पिताना ठसका लागायला लागला. फोनवर लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही सकाळी सकाळी घेऊन बसलात की काय?" त्यावर ते हसले, पण त्या हसण्यालाही घसरल्यासारखा आवाज येत होता. बाप जे काही बोलला त्यातलं निम्मं तिला समजलंच नाही, आणि तेव्हा तिने आईला फोन द्यायला सांगितलं.

मेंदूच्या डॉक्टरांनी तीन भेटींनंतर स्पष्ट सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत चालल्यात. काहींच्या हातापायांपासून सुरुवात होते, यांच्या घशापासून झाली आहे. औषध नाही. बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहील. हे शेवटचं वाक्य डॉक्टरांनी दिलासा द्यावा तसं सांगितलं.

मास्तरांनी तेव्हा कशीबशी जीभ वळवून विचारलं, "म्हणजे सगळं कळत राहणार?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

वर्षभरात आवाज पूर्ण गेला. लेकीने पांढरी पाटी आणि मार्कर पाठवले. मास्तर त्यावर लिहू लागले. पण बोलणाऱ्या माणसाचं लिहिण्यावर कसलं भागतंय. विनोद लिहून होईपर्यंत समोरच्याचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असे. हळूहळू त्यांनी विनोद लिहिणं सोडलं, आणि पाटीवर 'पाणी', 'पंखा', 'उशी' एवढंच उरलं.

दवाखान्यात गिळण्याचे व्यायाम शिकवणारी एक बाई होती. मास्तरांनी तिचं नाव घशाची ताई ठेवलं. ती बायकोला सगळं नीट दाखवायची. प्रत्येक घोटाला हनुवटी छातीकडे. चमचा छोटा. अन्न चाटणासारखं गुळगुळीत, कण नको, धागा नको. पाणी, चहा, काहीही पातळ द्यायचं तर आधी पावडर घालून दाट करायचं. "पातळ सगळ्यात वाईट," ती म्हणायची. "घट्ट घास अडकला तर तुम्हाला दिसेल तरी. पातळ गपचूप श्वासनळीत उतरतं. कधी कधी ठसकाही लागत नाही. लक्षात ठेवाल ना?"

बायकोने लक्षात ठेवलं. नको तितकं ठेवलं. मास्तर जेवायला बसले की ती समोर बसून त्यांच्या गळ्याकडे बघत राही. घाटी वर गेली, खाली आली, आता दुसरा चमचा. एक वाटी संपायला पाऊण तास लागे. तिचं स्वतःचं ताट झाकलेलंच राही. मास्तरांचं वजन उतरत गेलं. दर पंधरा दिवसांनी त्यांचा चष्मा नाकावरून घसरायला लागे आणि ती त्याच्या काड्या आणखी थोड्या आत वाकवे. एवढं एक काम तिला नीट जमत होतं. चेहरा किती आटला ते तिला वजनाच्या काट्याआधी त्या काड्यांवरून कळे.

चहाघरात जाणं चार महिन्यांपूर्वीच थांबलं होतं. तिथे त्यांना ठसका लागला, नाकातून रस्सा आला, आणि शेजारच्या टेबलावरचे दोघं आपल्या बशा उचलून दुसरीकडे जाऊन बसले. मास्तरांनी रुमालाने टेबल पुसलं, पाटीवर 'चल' लिहिलं. त्यानंतर त्यांनी बुधवारचं नाव काढलं नाही.

नळीची तारीख ठरली त्या संध्याकाळी मात्र त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बुधवार. आपली जागा.'

"आता कशाला उगीच?" बायको म्हणाली.

त्यांनी खाली लिहिलं, 'सोमवारनंतर तोंड बंद.'

तिने लेकीला फोन केला. लेक म्हणाली, "आई, अजिबात ऐकू नकोस. आठवड्याचा तर प्रश्न आहे. एकदा नळी बसली की सगळी धास्ती संपेल." बायको "हं" म्हणाली. मग तिने दुसरा फोन मालकीणबाईंना केला.

"साडेतीनला या वहिनी," मालकीणबाई म्हणाल्या. "जेवणाची गर्दी ओसरलेली असते. मी फळीच लावून घेते दाराला. कुणी बघणार नाही. आणि त्यांच्या खाण्याचं माझ्यावर सोडा."

बुधवारी मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला. टॅक्सीतून उतरून इमारतीच्या दारापासून चहाघरापर्यंतची वीस पावलं ते बायकोचा दंड धरून चालले. नेहमीचं टेबल लिफ्टच्या भिंतीला लागून होतं. बसल्यावर त्यांनी भिंतीला कान लावला, थोडा वेळ ऐकलं आणि पाटी मागितली. 'तिसऱ्याचं दार घासतंय. सांग त्यांना.'

"सांगते," बायको म्हणाली. ती हसली. बऱ्याच दिवसांनी त्यांनी पाण्या-पंख्याखेरीज काही लिहिलं होतं.

मालकीणबाई ट्रे घेऊन आल्या. त्यांनी दोन दिवस खपून केलं होतं हे बघताक्षणी कळत होतं. पुरचुंड्या होत्या, पण शिजवून, वाटून, गाळून, त्या लगद्याला पुन्हा पुरचुंडीचा आकार दिलेला. वरच्या चुण्यासुद्धा चाकूच्या टोकाने कोरलेल्या. रस्सा दाट केलेला. नूडल्सचा वेगळा लगदा पिचकारीने गोल गोल पिळून त्यावर ठेवलेला. चहा कपात होता, पण कप तिरका केला तरी हलत नव्हता.

"घशाच्या ताईंना फोन करून विचारून केलंय दादा," मालकीणबाई म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं तसंच."

मास्तरांनी हात जोडले. चमच्याने पुरचुंडीचं टोक तोडलं, हनुवटी खाली घेतली, गिळलं. दुसरा चमचा घेतला. तिसरा भरला आणि बशीत परत ठेवला. बराच वेळ ते त्या बशीकडे बघत होते. मग त्यांनी लिहिलं, 'फार कष्ट घेतलेत. पण ही पुरचुंडी नाही.'

मालकीणबाईंचा चेहरा पडला.

त्यांनी पाटी पुसली आणि परत लिहिलं. 'खरी. एकच.'

"नाही," बायको म्हणाली.

'एक.'

"अहो, लहान मुलासारखं काय करताय? अडकली म्हणजे? इथे कोण आहे बघायला?"

त्यांनी शांतपणे लिहिलं. लिहायला त्यांना वेळ लागला आणि तिला थांबावं लागलं. 'नळी बसल्यावर किती दिवस?'

"डॉक्टर म्हणाले ना. दोन वर्षं. नीट काळजी घेतली तर जास्त."

'दोन वर्षं नळी. आज एक पुरचुंडी.'

"मला नका असलं विचारू," ती म्हणाली. "तुम्ही लिहून मोकळे व्हाल. निस्तरायचं मला आहे."

हे बोलून गेल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. मास्तरांनी मार्करचं टोपण लावलं. रागाने नाही. बोलणं संपलं की लावावं तसं. मग त्यांनी त्या दाट चहाच्या कपावर बशी पालथी घातली आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिले. वर लिफ्ट कुठेतरी थांबली, दार घासलं, पुन्हा चालू झाली.

मालकीणबाई अजून उभ्याच होत्या. "वहिनी, तुम्ही म्हणाल तसं," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

बायकोने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. चष्मा परत सैल झाला होता. मंगळवारीच तर तिने काड्या वाकवल्या होत्या. तिने होकाराची मान हलवली.

टोपली आली. झाकण काढल्यावर वाफ वर आली तसे मास्तर पुढे झुकले आणि त्यांनी डोळे मिटले. बायकोने एका पुरचुंडीचे सुरीने आठ तुकडे केले, चणे असतात तेवढाले. पहिला तुकडा तिने स्वतः त्यांच्या जिभेवर ठेवला. ते चावत राहिले, बोटाने गालातून ढकलत राहिले. हनुवटी खाली गेली. घाटी वर गेली, थांबली, खाली आली. ठसका नाही. दुसरा तुकडा. तिसरा. आठ तुकड्यांना पस्तीस मिनिटं लागली. तेवढा वेळ दोघी बायका टेबलाच्या कडेला हात धरून बसल्या होत्या. शेवटचा तुकडा उतरल्यावर मास्तरांनी तोंड उघडून आतून दाखवलं, लहान मूल औषध घेतल्यावर दाखवतं तसं. मालकीणबाईंना हसू आलं आणि रडूही आलं. त्या पदराची टोकं शोधल्यासारखं ॲप्रन चाचपत आत निघून गेल्या.

मास्तरांनी पाटी घेतली. 'आलं जास्त पडलंय. नवा आचारी?'

बायको हसायला लागली. थांबेचना. त्या हसण्यात तिला वाटलं, डॉक्टरांचंही कधी चुकत असेल. आठ तुकडे गेले, एकदाही खोकला नाही. नियमाने वागून वागून आपणच यांना निम्मं उपाशी ठेवलं असेल. भूक लागली होती. तिने उरलेल्या पुरचुंड्यांतली एक खाल्ली, मग आणखी दोन. कित्येक महिन्यांनी ती त्यांच्यासमोर जेवत होती, आणि ते समाधानाने बघत होते.

तिच्यासमोर तिचा चहा होता. साधा, पातळ, जाईच्या वासाचा. मास्तरांनी त्याच्याकडे बोट केलं नाही, काही लिहिलंही नाही. नुसतं बघितलं. तिनेच कप उचलून त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"घ्या," ती म्हणाली. "घोटभरच."

त्यांनी दोन्ही हातांनी कप धरला आणि तीन घोट घेतले. तिसऱ्यानंतर घसा साफ करावा तेवढं खाकरले, बास. कप खाली ठेवून त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि निघेपर्यंत सोडला नाही.

गुरुवारी दिवसभर ते ठीक होते. संध्याकाळी अंग तापलं. शुक्रवारी पहाटे श्वास घेताना बरगड्यांच्या मध्ये खळगे पडू लागले, आणि दुपारी ते इस्पितळात होते. छातीचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग भरलाय. "काही पातळ घेतलं होतं का तोंडाने?"

"चहा," बायको म्हणाली.

"दाट केलेला?"

"नाही."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. दोष न देण्याइतके ते चांगले होते.

लेक शनिवारी आली. विमानतळावरून थेट, बॅग घेऊनच. वडिलांच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवला, मग आईकडे वळली. "चहा कोणी दिला?"

आई उत्तर देणार तेवढ्यात मास्तरांनी बोटांनी पाटी मागितली. पाटी छातीवर टेकवून त्यांनी लिहायला घेतलं. अक्षरं एकमेकांवर चढत होती. 'मी ओढून घेतला. तिने नाही.'

लेकीने वाचलं. वडिलांचे हात बघितले. त्या हातांना मार्करही नीट पेलत नव्हता.

"नाही," आई म्हणाली. "मी दिला. त्यांनी मागितलाही नव्हता."

लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली, आणि आई चहा हवा का विचारायला गेली तेव्हा म्हणाली, "आई, प्लीज." पुढचे अठरा दिवस त्या दोघी आळीपाळीने खाटेशी बसल्या, एकमेकींना औषधांच्या वेळा सांगत राहिल्या आणि त्या बुधवाराविषयी पुन्हा बोलल्या नाहीत. पुढेही कधी नाही.

मालकीणबाई दुसऱ्या आठवड्यात आल्या. त्या खोलीत शिरल्याच नाहीत, दाराशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "मी नको म्हणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "चहाघर माझं. मी नाही म्हटलं असतं तर ते तुमच्यावर रागावले नसते, माझ्यावर रागावले असते."

"तुम्ही पुरचुंडी दिलीत," बायको म्हणाली. "ती नीट उतरली. चहा माझा होता."

"मी काही आणून देऊ का तुम्हाला? डबा?"

"नको. इथे वास येतो त्यांना."

मालकीणबाई दर बुधवारी फोन करत राहिल्या. पाच-सहा बुधवार बायकोने उचलला, कसे आहेत ते सांगितलं. नंतर सांगायला काही बदलत नव्हतं, आणि मालकीणबाईंना विचारायला जड जाऊ लागलं. फोन बंद झाले. यात कुणाचं चुकलं नव्हतं.

फुप्फुस साफ झालं, नळी बसली, मास्तर घरी आले. पण त्या आजारपणाने उरलंसुरलं बळ खरवडून नेलं होतं. महिन्याभरात हातही गेले. एके दिवशी मार्कर बोटांतून निसटला, तो तिने परत बोटांत ठेवला, तो परत निसटला, आणि तिसऱ्यांदा त्यांनीच मान हलवून नको म्हटलं. लेकीने जाण्यापूर्वी पुठ्ठ्यावर सगळी मुळाक्षरं लिहून दिली. बायकोने ओळींवरून बोट फिरवायचं, हव्या त्या अक्षरावर ते पापणी मिटणार. एक शब्द जुळवायला पाच मिनिटं. ज्या माणसाने बंद दाराआडून तासन्‌तास बोलून लोकांना धीर दिला, तो आता दिवसाला तीन-चार शब्द बोले.

तिने चष्म्याचं दुकान सोडलं. दिवसातून पाच वेळा मोठी सिरिंज नळीला लावायची, ती हाताने वर धरायची आणि पांढरट पेय आपोआप उतरू द्यायचं. दाबायचं नाही. मग पाणी. मग तासभर त्यांना उशांच्या आधाराने बसतं ठेवायचं. यात कसलीच चूक होत नव्हती. घशाची ताई एकदा घरी येऊन बघून गेली आणि म्हणाली, "इतकं नीट करणारं मी फार कमी बघितलंय." बायकोने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की ताईने विषय बदलला.

स्वतःचं जेवण ती जिन्यात उरकायची. घर दोन खोल्यांचं, काही शिजवलं की वास खाटेपर्यंत जाई. म्हणून ती सकाळीच चार बटाटे नाहीतर अंडी उकडून ठेवी, खिडक्या उघड्या टाके, आणि दुपारी गार झालेलं ताटलीत घेऊन दाराबाहेर तिसऱ्या पायरीवर बसे. दार किलकिलं ठेवी, म्हणजे त्यांचा श्वास ऐकू येई. शेजारची माणसं येता-जाता पाय जपून टाकत. सुरुवातीला त्यांनी विचारलं, "अहो, इथे का बसता?" नंतर त्यांनाही सवय झाली.

एका दुपारी ती ताटली घेऊन निघाली तेव्हा मास्तरांनी डोळे जोराने उघडझाप केले. तिने पुठ्ठा आणला. बोट फिरवत गेली. स. म. र. मग ब. स. काना-मात्रा तिने स्वतःच जोडल्या.

"समोर बस?"

पापणी मिटली.

"आणि खाऊ?"

पापणी मिटली.

ती खुर्ची ओढून बसली. बटाट्याचा तुकडा तोंडात घातला. तो तोंडात फिरत राहिला, खाली जाईना. समोर त्यांचा जबडा अगदी थोडा, दिसेल न दिसेल असा, तिच्याबरोबर हलत होता. त्यांना ते माहीत होतं की नाही कोण जाणे. ती थांबली. त्यांनी पुन्हा पुठ्ठ्याकडे नजर वळवली. च. व.

"चव?" ती म्हणाली. "बटाटा आहे हो. बटाट्यासारखी."

ते बघत राहिले.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली. "गार झालाय. मधे थोडा कच्चट आहे. सालाजवळ मातीसारखा वास येतोय, पण वाईट नाही."

त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि ती सांगत होती तोवर उघडले नाहीत. तिने घास गिळला तसं त्यांच्या गळ्यातही काहीतरी हललं.

त्या दिवसापासून ती त्यांच्यासमोर जेवू लागली आणि जे खाई त्याचं वर्णन करू लागली. तिला बोलायची सवय नव्हती. अंड्याचा बलक कोरडा आहे, ब्रेडची कड चिवट आहे, टोमॅटो आंबट आहे. त्यापुढे काय सांगायचं? हेच काम उलट असतं, तिला नळी असती आणि ते जेवत असते, तर त्यांनी एका बटाट्यावर अर्धा तास काढला असता. आचाऱ्याची, मिठाची, बटाटा पिकवणाऱ्याची गंमत केली असती. तिच्याकडे चार-पाचच शब्द होते, आणि ते रोज वापरून झिजत चालले होते. त्यांना वेगळं काही ऐकायला मिळावं म्हणून तिने कधी संत्रं आणलं, कधी लोणी. कधी कधी तर ती खोटंही सांगे. चव लागत नसताना गोड आहे म्हणे.

नळी बसल्यावर ते अकरा महिने जगले. डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन वर्षांतली उरलेली कुठे गेली याचा हिशेब तिच्या डोक्यात सतत चाले. एकदा तिने डॉक्टरांना विचारलंसुद्धा, त्या चहामुळे किती गेली? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित काहीच नाही, कदाचित बरीच.

शेवटच्या महिन्यात एका दुपारी तिने नेहमीप्रमाणे खुर्ची ओढली, संत्र्याची फोड तोंडात घातली आणि पुठ्ठा पुढे धरला. त्यांनी अक्षरांकडे बघितलं नाही. ते जागे होते, डोळे खिडकीकडे होते. तिने तरी सांगितलं. "रस भरपूर आहे. थोडं आंबट. बिया लागतायत." पापणी हलली नाही. तिने त्यांचा चष्मा काढून पुसला, काड्या वाकवायला घेतल्या, पण आता त्या आणखी आत वाकत नव्हत्या, म्हणून तसाच परत बसवला. "ऐकताय ना?" तिने विचारलं.

ते खिडकीकडेच बघत राहिले. तिने उरलेल्या फोडी एक एक करून खाल्ल्या. मग हात धुतले, सिरिंज गरम पाण्यातून काढली आणि त्यांची दुपारची वेळ झाली होती, म्हणून नळीचं टोपण उघडलं.